समुद्राचं पाणी बाटलीत भरलं की रंग कुठं जातो?

रंकाळाकाठ | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. विषय समुद्राचा आणि विचारणारा कोल्हापूरचा, तेव्हा काय हसायचं ते आत्ताच हसून घ्या.

दिवाळीच्या सुट्टीत आंबा घाटानं रत्नागिरीला उतरलो, तिथनं किनाऱ्या-किनाऱ्यानं खाली येत मालवण-तारकर्ली केलं आणि फोंडा घाटानं परत आलो. लेक सहावीत आहे. रत्नागिरीत मांडवीला पाणी काळपट-राखाडी होतं. वाटेत एका खाडीवरच्या पुलावर गाडी थांबवली तर खाली चहासारखं पाणी. आणि तारकर्लीला उतरलो तर काठाला हिरवट-निळं, लांब गडद निळं. तिनं विचारलं, "पप्पा, पाणी निळं का?" मी आपलं ठेवणीतलं उत्तर दिलं, आभाळाचं प्रतिबिंब. त्यावर ती म्हणाली, "मग काल मांडवीला आभाळ काय काळं होतं काय?"

गप्प बसलो.

तिनं तिन्ही ठिकाणचं पाणी एकेका बाटलीत भरून आणलंय, वर चिठ्ठ्या डकवल्यात. आता त्या बाटल्या स्वयंपाकघरातल्या फळीवर आहेत आणि घरात त्यावरनं ताण आहे. मांडवी आणि तारकर्लीच्या बाटल्यांत डोळ्यांना काडीचा फरक दिसत नाही, दोन्ही नळाच्या पाण्यासारख्या. मग रंग गेला कुठं? आणि शाळेत शिकलो ते आभाळाचं प्रतिबिंब खोटं का अर्धवट?

तांबडा_पांढरा | रविवार, रात्री ९.५८

भावा, आपल्याकडं रश्शाचे रंग दोन, तांबडा आणि पांढरा. तिसरा बघायला घाट उतरायचाच कशाला?

बाकी माझ्या मते मिठाचा परिणाम. जिथं मीठ जास्त तिथं निळं.

रंकाळाकाठ | रविवार, रात्री १०.०५

मीठ असतं तर बाटलीतपण निळं दिसलं असतं की ओ. मीठ काय घाटात सांडलं व्हय?

भौतिक_मास्तर | रविवार, रात्री ११.२०

मिठाचा रंगाशी जवळजवळ काही संबंध नाही. मिठाच्या पाण्यालाही आणि गोड्या पाण्यालाही स्वतःचा एकच रंग आहे, निळा. फक्त तो इतका फिका आहे की बाटलीभर पाण्यात दिसण्याएवढा साठतच नाही.

खिडकीची काच समोरून बघा, बिनरंगी. तीच काच कडेनं बघा, हिरवीगार. काच तीच, फक्त कडेनं बघताना नजर तिच्यातून फुटभर जाते. किंवा गुऱ्हाळावर जा. पेल्यातला रस फिका दिसतो आणि तोच काहिलीत ओतला की कसा गडद होतो ते इथल्या प्रत्येकानं पाहिलेलं असणार. पाण्याचं तसंच, पण काहील समुद्राएवढी लागते.

आता निळाच का? पाण्याच्या रेणूतले ऑक्सिजन-हायड्रोजनचे बंध सतत थरथरत असतात. ही थरथर मुख्यतः आपल्याला न दिसणारे अवरक्त किरण गिळते, पण तिच्या वरच्या पट्ट्यांचं शेपूट लाल प्रकाशापर्यंत येतं. गडद लाल प्रकाश एक मीटर पाण्यातून गेला की जवळजवळ निम्मा संपतो, पाच मीटरला शंभरातला पाचेक उरतो. मागून नारिंगी, मग पिवळा. निळ्याला मात्र पाणी फारसा हात लावत नाही, शुद्ध पाण्यात तो शंभर मीटरनंतरही बऱ्यापैकी शिल्लक असतो. हा रंग पाण्याचाच, याचा पुरावा म्हणजे जड पाणी. त्यात साध्या हायड्रोजनच्या जागी दुप्पट वजनाचा हायड्रोजन असतो. बंध जड झाले की थरथर मंदावते, शोषणाच्या पट्ट्या लाल प्रकाशापासून लांब सरकतात, आणि ते पाणी निळं दिसत नाही.

पण नुसतं गिळणंच असतं तर समुद्र वरून काळा दिसला असता. आत गेलेला प्रकाश परत वर आणायला कुणीतरी हवं. ते काम पाण्याचे रेणू, त्यातले बारीक कण आणि उथळ जागी तळाची वाळू करते. तुमच्या तिन्ही जागांच्या फरकाची मेख इथेच आहे: परत कोण पाठवतंय, आणि वाटेत आणखी कोण काय खातंय.

बाटल्या हलवू नका. दोन दिवसांनी तळाशी काय बसलं ते सांगा.

पन्हाळ्याची_पोर | सोमवार, सकाळी ७.३५

मास्तर, काचेच्या कडेचं उदाहरण लई आवडलं. स्कूबाच्या व्हिडिओत सगळी माणसं हिरवी-निळी का दिसतात तेही आत्ता कळलं. मालवणला मी लाल टी-शर्ट घालून उतरले होते, व्हिडिओत तो विटलेला मळकट दिसतोय. मला वाटलं, कॅमेरा भंगार.

भौतिक_मास्तर | सोमवार, सकाळी ८.१०

कॅमेरा बिचारा खरं बोलला. खोल उतरणाऱ्या पाणबुड्यांना वीस-तीस मीटरवर स्वतःचं रक्त हिरवट दिसतं. म्हणून ते सोबत दिवा नेतात. दिवा लावला की लाल परत येतो, कारण त्या प्रकाशाला हातभरच पाणी ओलांडायचं असतं.

मिरकरवाडा_माहेर | सोमवार, दुपारी २.१५

माहेर रत्नागिरी, सासर राजारामपुरी, म्हणून मध्ये बोलते.

दादा, तुमची लेक काळा समुद्र बघून आली! आमच्याकडे नावंच तशी आहेत. रत्नदुर्गाच्या डोंगराच्या एका अंगाला मांडवी, तो काळा समुद्र. दुसऱ्या अंगाला पांढरा समुद्र. पायी जाण्याएवढ्या अंतरावर दोन रंग. लहानपणी आम्हाला वाटायचं की पाणीच वेगळं आहे. फरक वाळूचा. मांडवीच्या वाळूत इल्मेनाइटसारखी जड, काळी, लोखंड असलेली खनिजं आहेत. दप्तरातलं लोहचुंबक वाळूत फिरवलं की काळी मिशी फुटायची त्याला. पांढऱ्या समुद्राची वाळू उजळ. काळी वाळू प्रकाश पिऊन टाकते, उजळ वाळू परत पाठवते. मास्तर म्हणतात तेच, परत कोण पाठवतंय.

तारकर्लीला तुम्ही काठाजवळ जो हिरवट-निळा बघितलात तो कमरेएवढ्या नाहीतर पुरुषभर पाण्याखालच्या पांढऱ्या वाळूचा. पुढे खोली वाढली की वाळूपर्यंत प्रकाश पोचून परत येईतो त्यातला लाल-पिवळा गेलेला असतो. आणखी पुढे तळाचा संबंधच संपतो, म्हणून गडद.

मधेच काळे डाग दिसले असतील तर ते खडक नाहीतर शेवाळ. तिथे पोहायला जाऊ नये, पाय कापतो.

गगनबावडा_गाडी | सोमवार, संध्याकाळी ६.५०

मी आठवड्यातनं दोनदा करूळ घाट उतरतो, माल घेऊन. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की घाटातले ओढे विटकरी होतात. जांभा दगड आणि तांबडी माती. ते सगळं खाडीत आणि खाडीतनं समुद्रात. त्या दिवसांत देवगड-विजयदुर्गाकडचा समुद्र बघा, काठाला लांबपर्यंत मातकट. तोच समुद्र डिसेंबरात काचेसारखा. म्हणजे जागा तर आहेच, महिनापण बघाय पाहिजे.

आपल्या पंचगंगेचं तेच की. नवं पाणी आलं की चहा, दिवाळीनंतर नितळ.

आजरा_घनसाळ | सोमवार, रात्री ९.०५

पंचगंगेवरनं आठवलं. आपल्या नदीचं पाणी अरबी समुद्रात जातच नाही. सह्याद्री इथनं हाकेच्या अंतरावर, पण आपलं पाणी पाठ फिरवून नृसिंहवाडीला कृष्णेला मिळतं आणि कर्नाटक, तेलंगणा, आंध्र करत बंगालच्या उपसागरात. तेव्हा घाटाच्या कड्यावर पडलेल्या दोन थेंबांतला एक देवगडला आणि दुसरा पार तिकडं. कोल्हापूरकरानं कुठल्या समुद्राला आपला म्हणायचं हा वेगळा धागा होईल.

आणि हो, आज सकाळीच ग्रुपवर तो व्हिडिओ परत आला, "दोन महासागर भेटतात पण मिसळत नाहीत, निसर्गाचा चमत्कार". एका बाजूला दुधाळ, एका बाजूला गडद निळं, मधे रेघ. खरं आहे काय हे?

भौतिक_मास्तर | सोमवार, रात्री १०.४०

रेघ खरी, गोष्ट खोटी. ते दृश्य बहुधा अलास्काच्या आखातातलं असतं. तिथल्या हिमनद्या खडक दळत दळत खाली येतात. जात्यातून पडावं तसं मैद्याएवढं बारीक दगडी पीठ नद्यांमधून समुद्रात येतं. गोडं पाणी हलकं, खारं जड, म्हणून काही काळ सीमा टिकते, पण वारा आणि प्रवाह हळूहळू दोन्ही मिसळतातच. दोन महासागर वगैरे काही नाही, नदीचा गाळ आणि समुद्र.

चमत्कार बघायचा असेल तर पावसाळ्यात वाडीच्या संगमावर उभं राहा. एका नदीला पूर आणि दुसरीला नाही, असं असलं की दोन रंगांची रेघ तिथंही दिसते, फुकटात.

आणि आपला गाळ उपसागरापर्यंत पोचत असेल अशी फार आशा ठेवू नका, कृष्णेवर आलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर एवढे दरवाजे आहेत. बराचसा तिथंच बसतो.

बिनपाण्याचा_मासा | सोमवार, रात्री ११.१५

सगळं ठीक, पण आभाळाला तुम्ही फारच झटकून टाकलंत. ढगाळ दिवशी समुद्र राखाडी होतो की नाही? संध्याकाळी सोनेरी होतो की नाही? गणपतीपुळ्याला सूर्य बुडताना पाणी निळं होतं असं शपथेवर सांगा.

पन्हाळ्याची_पोर | मंगळवार, सकाळी ७.५०

फोटो काढते म्हणून सांगते, दोघंही बरोबर. उभं राहून पायाशी बघितलं तर पृष्ठभागावरून आभाळ फार थोडं परावर्तित होतं, शंभरात दोन भाग. नजर पाण्याच्या आत जाते. पण लांब क्षितिजाकडे बघाल तेव्हा नजर तिरपी होते आणि पाणी आरशासारखं वागतं. म्हणून किल्ल्याच्या बुरुजावरून खाली बघितलेला समुद्र आणि वाळूत बसून बघितलेला समुद्र यांचा रंग कधीच जुळत नाही. लाटा उठल्या की आणखी गोंधळ, प्रत्येक लाटेची एक बाजू आभाळ दाखवते, दुसरी पोट.

कॅमेऱ्याला पोलरायझर (चमक कापणारी फिरती काच) लावला आणि फिरवत गेलं की ही चमक एकदम पुसली जाते आणि पाण्याचा आतला रंग वर येतो. गाडी चालवायचे पोलराइज्ड गॉगल असतात ना, तेही चालतात. डोकं सरळ ठेवलं की चमक जाते, तिरकं केलं की परत येते, रंकाळ्यावर बसून जमतंय.

भौतिक_मास्तर | मंगळवार, दुपारी १.३०

पोरी, तू नकळत रामनांचाच प्रयोग सांगितलास.

तेव्हा लॉर्ड रॅले यांचं मत प्रमाण होतं. आभाळ निळं का ते त्यांनी सांगितलेलं, आणि खोल समुद्राचा निळा म्हणजे त्याच आभाळाचं प्रतिबिंब, पाण्याचा त्यात काही हात नाही, असं ते म्हणायचे. म्हणजे 'रंकाळाकाठ', तुम्ही लेकीला जे सांगितलंत ते नोबेल मिळवलेल्या माणसाचं उत्तर होतं, वाईट वाटून घेऊ नका. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडला जाऊन 'नारकुंडा' बोटीनं परत येत होते. भूमध्य समुद्राचा तो निळा बघून त्यांना रॅलेंचं म्हणणं पटेना. खिशात निकोल प्रिझम होता, म्हणजे त्या काळचा पोलरायझर. पाण्याकडे एका ठरावीक कोनातून बघितलं, उभ्या रेषेपासून साधारण ५३ अंश, की परावर्तित प्रकाश जवळजवळ पूर्ण ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत थरथरणारा, असतो आणि प्रिझम फिरवून तो कापता येतो. रामननी डेकवर उभं राहून आभाळ असं कापून टाकलं. समुद्र फिका पडायला हवा होता. तो आणखी निळा झाला.

मुंबई बंदरात बोट लागली तेव्हाच्या तारखेनं, २६ सप्टेंबर १९२१, त्यांचं टिपण 'नेचर'कडे गेलं. पुढे पाण्यातून विखुरणाऱ्या प्रकाशाचा हा नाद सुटला नाही आणि त्याच वाटेवर २८ फेब्रुवारी १९२८ चा 'रामन परिणामा'चा तो शोध लागला, ज्याचं नोबेल १९३० मध्ये मिळालं.

बिनपाण्याचा_मासा | मंगळवार, दुपारी २.०५

म्हणजे रामननी निकाल लावला, आणि तुम्ही परवा सांगितलं ते शोषण-बिषण? दोन्ही कसं खरं?

भौतिक_मास्तर | मंगळवार, रात्री ९.३०

चांगला चिमटा. आभाळाच्या बाबतीत रामन पूर्ण बरोबर होते. पाण्याच्या आत मात्र त्यांनी रेणूंच्या विखुरण्याला जरा जास्त श्रेय दिलं. आज आपण म्हणतो की निवड मुख्यतः शोषण करतं आणि परत पाठवणी विखुरणं करतं. निळा जास्त विखुरतो हे आहेच, त्यामुळं दोघं एकाच बाजूला ओढतात. मोठ्या माणसाचंही सगळंच शेवटचं उत्तर नसतं, एवढं कबूल करायला हरकत नाही. वर्गात मी हे सांगतो तेव्हा मागच्या बाकावरची पोरं पहिल्यांदा मान वर करतात.

मालवणी_खाजं | बुधवार, सकाळी १०.२०

मी आता सांगतंय, उशीर झालो, होडयेर होतंय.

तुम्ही सगळे निळा निळा करतास. आमचो आजो म्हणायचो, निळ्या पाण्यात जाळा टाकून काय आभाळ पकडतलंस? (बाकीचं सगळ्यांना समजेल असं लिहितो.) पर्यटकाला निळं पाणी आवडतं, मासेमाराला हिरवट. पाण्यावर हिरवट झाक आली म्हणजे खाणं आलं. खाणं आलं की तारली, पेडवे येतात, त्यांच्या मागे बांगडा, त्याच्या मागे सुरमई. थवा वर आला की पाण्यावर काळपट सावलीसारखा डाग सरकताना दिसतो, वर पक्षी. रापणीचं जाळं काठावरनं ओढणाऱ्यांतला एक जण उंचावर उभा राहून तेच बघत असायचा.

आता मोबाईलवर नकाशा येतो, अमुक खोलीवर, अमुक दिशेला मासळी मिळण्याची शक्यता. तो कसा बनवतात ते मास्तर सांगतील. आजो बघून सांगायचो, पैसे घेत नव्हतो.

भौतिक_मास्तर | बुधवार, दुपारी १.१०

खाजंबुवा, तुमचे आजोबा आणि उपग्रह एकच काम करतात.

समुद्राच्या वरच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती असतात, वनस्पती-प्लवक. त्यांच्यात आपल्या उसाच्या पानासारखंच हरितद्रव्य. ते निळा आणि लाल खातं, हिरवा सोडतं. लाल तर पाण्यानंच संपवलेला. आता निळाही खाल्ला गेला, उरला हिरवा. म्हणून पाणी जितकं हिरवं तितकं पीक जास्त. आपल्या इस्रोनं १९९९ साली ओशनसॅट-१ सोडला तो समुद्राचे रंग मोजण्यासाठीच, मग २००९ ला दुसरा, नोव्हेंबर २०२२ ला तिसरा. निळा-हिरव्याचं प्रमाण आणि पाण्याचं तापमान यांवरून हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था तुमच्या मोबाईलवरचा तो नकाशा काढते.

याची उलटी बाजू फार कमी लोकांच्या लक्षात येते. जगातलं सगळ्यांत सुंदर, शाईसारखं निळं पाणी म्हणजे अटलांटिकमधला सारगासो समुद्र किंवा दक्षिण प्रशांत महासागराचा मधला भाग. तिथं वरच्या थराला खालून खत मिळत नाही, म्हणून प्लवक फार कमी, म्हणून मासळीही कमी. निळा म्हणजे पडीक रान. आपल्या पश्चिम किनाऱ्याला, विशेषतः दक्षिणेकडं, पावसाळ्यात वारा वरचं पाणी ढकलतो आणि खालचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं. तिकडं तेव्हा समुद्र हिरवा. आपण त्याला घाण म्हणून परत फिरतो.

तांबडा_पांढरा | बुधवार, दुपारी ३.२५

म्हणजे रंकाळा हिरवा असतो तो सुपीक म्हणायचा!

भौतिक_मास्तर | बुधवार, दुपारी ३.४०

चेष्टा केलीत पण बरोबर. फारच सुपीक. गरजेपेक्षा कितीतरी जास्त खत पोचलेला. उसाला युरिया जास्त झाला की काय होतं ते इथं कुणाला सांगायचं?

मिरकरवाडा_माहेर | बुधवार, रात्री ८.५५

रात्रीचा रंग कुणीच सांगितला नाही. थंडी सुरू झाली की कधी कधी लाट फुटताना निळी पेटते. माहेरी आजी म्हणायची, "पाणी पेटलंय". आम्ही काठानं पाय आपटत पळायचो, पावलागणिक निळं. नॉक्टिलुका नावाचा एकपेशीय जीव असतो, टाचणीच्या डोक्याहून लहान. धक्का लागला की चमकतो. दिवसा त्याच पाण्यावर तांबूस नाहीतर हिरवट तवंग दिसतो आणि वास मारतो. दिसायला छान, पण तो फार वाढला तर मासळीला बरा नव्हे.

मालवणी_खाजं | बुधवार, रात्री ९.३०

खरा आसा. आणि उन्हाळ्यात, मार्च-एप्रिलला, पाण्यावर लाकडाच्या भुश्यासारखे पिवळट-तपकिरी पट्टे येतात. होडीभोवती कुणी सुतारानं रंधा मारल्यासारखे. तेही जिवंत म्हणे?

भौतिक_मास्तर | बुधवार, रात्री १०.१५

जिवंतच. ट्रायकोडेस्मियम, एक प्रकारचे नील-हरित जीवाणू. दर्यावर्दी पूर्वीपासून त्याला समुद्री भुसाच म्हणत. मरायला टेकलं की तांबूस होतं. तांबड्या समुद्राला नाव त्यावरून पडलं असं बरेच जण मानतात, एरवी तो समुद्र चांगला निळा आहे.

आजरा_घनसाळ | बुधवार, रात्री १०.५०

मग पिवळा समुद्र आणि काळा समुद्र? भूगोलाच्या पेपरात जोड्या जुळवा यायच्या.

भौतिक_मास्तर | बुधवार, रात्री ११.३०

पिवळा खरोखर पिवळट आहे, चीनची ह्वांग हो नदी पिवळी माती आणून ओतायची. काळ्याचं नाव रंगापेक्षा दिशेवरून आलं असावं. तुर्की भाषेत उत्तर काळी मानायची पद्धत, आणि भूमध्य समुद्राला ते आजही पांढरा समुद्र म्हणतात. गंमत म्हणजे काळा समुद्र उन्हाळ्याच्या सुरुवातीला चक्क दुधाळ फिरोजी होतो. त्यातल्या एका प्लवकाच्या अंगावर खडूच्या चकत्यांचं चिलखत असतं, ते कोट्यवधींनी वाढले की समुद्रात खडूची भुकटी कालवल्यासारखं. उपग्रहातूनही दिसतं.

तांबडा_पांढरा | गुरुवार, सकाळी ९.१५

आणि लोणार गुलाबी झालेलं ते? २०२० ला, लॉकडाऊनमध्ये. आमच्या गल्लीत कलियुग संपल्याची चर्चा होती.

भौतिक_मास्तर | गुरुवार, सकाळी ९.४०

पाणी आटलं, खारटपणा वाढला, मीठ आवडणारे सूक्ष्मजीव माजले, त्यांचं रंगद्रव्य गुलाबी. पुण्याच्या आघारकर संस्थेनं नमुने तपासले होते. मिठागरांतही शेवटच्या वाफ्यात पाणी असंच गुलाबी होतं. कलियुग चालूच आहे.

रंकाळाकाठ | गुरुवार, रात्री ९.२०

बाटल्यांचा अहवाल.

मांडवीच्या बाटलीत तळाला चिमूटभर काळी रेती. लेकीनं फ्रिजवरचं लोहचुंबक बाहेरून लावलं, रेती सरकली! घरात एकच आरडाओरडा. मिरकरवाडा ताई, तुमची मिशी सापडली.

तारकर्लीच्या बाटलीत काही नाही. अगदीच काही नाही.

खाडीच्या बाटलीत तळाला करंगळीच्या पेराएवढा मऊ गाळ बसला. पण वरचं पाणी नितळ झालं तरी पूर्ण पांढरं नाही. मागं पांढरा कागद धरून वरून खाली बघितलं तर किंचित पिवळट. गाळ तर बसला, मग हे काय उरलं?

भौतिक_मास्तर | गुरुवार, रात्री १०.०५

वा! बाईंना नमस्कार सांगा, दोघींनाही. तो पिवळेपणा चहाचा आहे. खाडीकाठच्या कांदळवनाची आणि जंगलाची पानं पाण्यात कुजतात, त्यातून जे विरघळतं ते चहाच्या भुकटीसारखंच रंग सोडतं. गाळ खाली बसतो, विरघळलेलं बसत नाही. हे द्रव्य निळा प्रकाश खातं, म्हणून खाडीजवळचं पाणी गाळ नसतानाही निळं होत नाही, हिरवट-तपकिरी राहतं. तुम्ही पुलावरून "चहासारखं" लिहिलं होतंत, ते नुसती उपमा म्हणून लिहिलं असणार.

आता पुढचा प्रयोग. इटलीच्या सेक्की नावाच्या धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञानं १८६५ साली पोपच्या बोटीवरून पांढरी तबकडी दोरीनं पाण्यात सोडली आणि ती दिसेनाशी व्हायला किती दोरी लागते ते मोजलं. अजूनही जगभर हीच पद्धत वापरतात. तबकडी पांढरी हवी, चकचकीत नको. तोल जाऊ देऊ नका.

रंकाळाकाठ | रविवार, रात्री ८.४५

प्रयोग केला. आधी स्टीलची ताटली घेतली होती, लेकीनं हा धागा वाचून दाखवला, मग बायकोच्या सेटमधली पांढरी मेलामाइनची घेतली. तिला तीन भोकं पाडली, खाली वजनाला सायकलचं जुनं पेडल.

गावाकडं, राधानगरीच्या अलीकडं, आमच्या विहिरीत ताटली सात हातांवर गेली तरी दिसत होती, आठव्याला गेली. जाताना ती पांढरी राहिली नाही, फिकट हिरवी होत होत गेली. हे बघायला सगळी भावकी काठावर जमली होती. चुलते म्हणाले, पोरीला इंजिनिअर करा.

येताना रंकाळ्यावर थांबलो. तिथं दोन वितींत गायब. पोलराइज्ड गॉगल लावून डोकं सरळ धरलं तर चमक गेली आणि तीन वितींपर्यंत अंधुक दिसली. म्हणजे आभाळ एका वितीचं, असं लेक म्हणते. हे बरोबर आहे का ते मास्तर सांगा.

भौतिक_मास्तर | रविवार, रात्री ९.१०

शास्त्रशुद्ध नाही, पण मी पूर्ण गुण देईन. ताटलीचा फोटो टाका.

रंकाळाकाठ | रविवार, रात्री ९.१५

ताटली रंकाळ्यात आहे. तिसऱ्यांदा सोडताना गाठ सुटली. घरी सेट मोजायचा अजून बाकी आहे.

मिरकरवाडा_माहेर | रविवार, रात्री ९.२२

वहिनी हा धागा वाचत नाहीत ना?

मालवणी_खाजं | रविवार, रात्री ९.४०

पुढच्या सुट्टीत पोरीक घेवन येवा, तारकर्लीक होडयेतून मोजू. ताटली मात्र माझी.